मूल्याचं नाव शेवटी: पाचवी ते आठवीच्या मुलांना रोजच्या जगण्यातली संस्कृती शोधायला कशी शिकवायची

'आपली संस्कृती, आपली मूल्ये' असा प्रोजेक्ट दिला की वह्या कशा येतात ते आपण सगळ्याच शिक्षकांनी पाहिलंय. 'आमच्या घरी सर्व सण आनंदाने साजरे केले जातात. आम्ही मोठ्यांचा आदर करतो. आमच्या गावात सर्व लोक गुण्यागोविंदाने राहतात.' चाळीस वह्या आणि चाळीस वेळा हेच, सोबत गुगलवरून काढलेलं पोळ्याचं एक चित्र चिकटवलेलं. आणि त्याच पोराच्या घरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबाजीनं बैलाचा खांदा तूप-हळदीनं शेकताना 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं बैलाला म्हटलेलं असतं, पोरगं तिथंच दिवा धरून उभं असतं, पण वहीत त्याचा एक शब्द नसतो.

पोरगं खोटं लिहीत नाही. आपण त्याला उलट्या टोकाकडून सुरू करायला लावतो. आधी फळ्यावर आदर, सहकार्य, श्रमप्रतिष्ठा असे शब्द लिहितो आणि मग सांगतो की जा, याची उदाहरणं घरून आणा. मग ते सरांना जे पाहिजे तेच आणतं. क्रम असा पाहिजे की आधी पाहायचं, मग विचारायचं, मग दुसऱ्याच्या घराशेजारी आपलं घर ठेवून बघायचं आणि मूल्याचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. खाली तोच क्रम सविस्तर लिहितोय, यातलं बरंचसं मी माझ्या वर्गात आधी चुकीचं करून मग शिकलोय. साधारण चार आठवडे आणि दहा-अकरा पिरियड लागतात.

## तयारी: यात एक आठवडा जातो, जाऊ द्या

वेळ. आपल्याकडं विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटाला उघडते, जुलै पेरणी-डवरणीत जातो. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला येतं आणि त्याच्या मागोमाग कापूस वेचणी लागते, तेव्हा वर्गातली निम्मी मोठी पोरं, त्यातही पोरी जास्त, वावरात असतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर धरा. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या धानाच्या पट्ट्यात रोवणी आटोपली की सुरू करा.

स्वतःच्या घराची दोन पानं. मुलांना जे करायला सांगणार ते आधी स्वतः करायचं. तीन दिवस आपल्या घरी पाहुण्याला, दूधवाल्याला, कामाला येणाऱ्या बाईला पाणी कोण देतं, कशात देतं, ते लिहून काढा. हे केल्याशिवाय वर्गात जाऊ नका असं मी मुद्दाम सांगतो, कारण लिहिताना कुठं हात अडखळतो ते स्वतःला कळलं तरच मुलाचा अडखळलेला हात ओळखता येतो.

वस्त्यांची यादी. आपल्या वर्गात पोरं कुठून येतात ते कागदावर मांडा. मूळ गाव, त्यातले मोहल्ले, बाहेरचा तांडा, पारधी बेडा, यवतमाळकडं कोलामांचे पोड, गोंदियाकडचे टोले. कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कोणाच्या घरी झाडीबोली, गोंडी, कोलामी, गोरमाटी. कोणाचे मायबाप वीटभट्टीवर गेलेत आणि पोरगं आजीजवळ आहे, कोण वसतिगृहात राहतं. ही यादी फक्त तुमच्याजवळ ठेवा, भिंतीवर लावू नका. हिचा उपयोग एवढाच की तुम्ही निवडलेला विषय या सगळ्या घरांत असतो का ते बघता येतं.

पालकांशी बोलणं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पाच मिनिटं मागून घ्या आणि साध्या भाषेत सांगा की मुलं घरी काही दिवस बघतील, लिहितील आणि मोठ्या माणसाला चार-सहा प्रश्न विचारतील. काय विचारणार नाही हेही तिथंच सांगा: कर्ज, पैसा, दारू, घरातलं भांडण, जात. हे सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी शाळेत येऊन म्हणतो, 'गुरुजी, पोट्टी घरच्या गोष्टी लिहून नेते म्हंते', आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसतं.

साहित्य. प्रत्येकाला एक चाळीस पानी वही आणि पेन्सिल. मोबाइल नको. फोटो काढला की मूल बघणं थांबवतं.

> थांबा: वर्गात असं एखादं मूल असतंच ज्याचा बाप नाही, किंवा घरात नुकतंच वाईट घडून गेलंय. म्हणून सूचनांमध्ये कुठंही 'बाबांना विचारा' म्हणू नका. 'घरातल्या मोठ्या माणसाला' एवढंच म्हणा. वसतिगृहातल्या मुलांना तिथली मेस, तिथले मावशी-काका चालतात, त्यांचं निरीक्षण बरेचदा जास्त बारीक येतं.

## टप्पा १: एकच गोष्ट निवडा, आणि ती सण नको

पहिलीच चूक इथं होते. आपण सण निवडतो, आणि सणाची वाक्यं मुलांना पाठ असतात. निबंधात लिहून लिहून ती इतकी गुळगुळीत झालेली असतात की मूल डोळे न उघडता दोन पानं भरतं. दुसरं म्हणजे पोळा घ्या तर ज्याच्या घरी बैल नाही तो गप्प बसतो, भुलाबाई घ्या तर तो पोरींचा गाण्या-खिरापतीचा सण, पोरं बाहेर पडतात.

रोज घडणारी, प्रत्येक घरात असणारी आणि डोळ्याला दिसणारी गोष्ट पाहिजे. माझी पहिली पसंती पाणी. दारात माणूस आला की त्याला पाणी देणं. गरीब घर असो की मोठं, पोड असो की पेठ, हे सगळीकडं होतं आणि त्यात पाहुणचार, मान, बाई-माणसाचं काम, शिवाशिव, बदललेला काळ, सगळं एका ग्लासात येऊन बसलेलं असतं. याशिवाय संध्याकाळचं जेवण कोण कोणाआधी जेवतं, शेजारून साखर-पीठ उसनं आणणं आणि परत करणं, ढोरांना पाणी-चारा, सकाळचा सडा-झाडलोट हे विषयही चालतात. पहिल्या वेळी सगळ्या वर्गाला एकच विषय द्या, वेगवेगळे दिले तर टप्पा ४ ला शेजारी ठेवायलाच काही उरत नाही.

सण घ्यायचाच असेल तर तो दुसऱ्या फेरीत घ्या आणि त्यातला रोजच्यासारखा एकच छोटा तुकडा उचला. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोराला घरोघरी काय देतात, नाही कोणाला म्हणतात का, एवढंच. भुलाबाईत खिरापत ओळखायच्या खेळात ज्या घरी जास्त काही करता आलं नाही तिथं बाकीच्या पोरी कशा वागतात, एवढंच. १४ ऑक्टोबर १९५६ पासून दीक्षाभूमीला जाणाऱ्या घरांत धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निघताना शिदोरी कोण बांधतं, वाटेत ती कोणाकोणात वाटली जाते, एवढंच.

## टप्पा २: दिसलं ते लिहा (तीन दिवस घरी, दोन पिरियड वर्गात)

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावा. डाव्या बाजूला 'दिसलं, ऐकलं'. उजव्या बाजूला 'मला वाटलं'. पहिले दोन दिवस उजवी बाजू कोरी ठेवायची म्हणजे ठेवायचीच.

घरी पाठवण्याआधी वर्गात एकदा करून दाखवा. एका पोराला पाहुणा करा, एकीला पाणी द्यायला सांगा, बाकीच्यांनी फक्त लिहायचं. पहिल्या खेपेला बहुतेक जण लिहितात, 'तिने पाहुण्याचे आदराने स्वागत केले.' मग विचारा, आदर कुठं दिसला? कोणत्या हातात होता? ग्लास एका हातानं दिला की दोन? आधी पदरानं पुसला का? पाहुणा बसेपर्यंत ती थांबली का? आता परत लिहा.

एका सहावीच्या पोरानं तिसऱ्या दिवशी आणलेलं पान असं होतं:

'मामाजी आले. चप्पल भायेर काढली. मायनं गडव्यात पाणी आणलं, पाय धुवाले देल्लं. मंग गुंडातलं पाणी ग्लासात आणलं. ग्लास उलटा करून आंधी झटकला. आबाजी म्हने बस. मामाजी पाणी पेले अन् थोडं ग्लासात ठेवलं, ते मायनं तुळशीत टाकलं. मंग बोलनं सुरू झालं. पाणी पेईपर्यंत कोनी काई इचारलं नाई.'

शेवटचं वाक्य बघा. पाणी पिऊन होईपर्यंत कोणी काही विचारलं नाही. आलेल्या माणसाला आधी श्वास घेऊ द्यायचा, मग कामाचं बोलायचं, ही केवढी मोठी रीत आहे, आणि त्या पोरानं ती नुसत्या डोळ्यानं पकडली. त्याला 'अतिथी देवो भव' वर निबंध लिहायला सांगितला असता तर हे कधीच आलं नसतं.

> थांबा: हे पान शुद्धलेखनासाठी लाल करू नका. मूल घरच्या बोलीत लिहितंय तोवर घर वहीत येतं. 'देल्लं' खोडून 'दिले' केलं की पुढच्या दिवसापासून ते पुस्तकी लिहायला लागतं आणि पुस्तकी भाषेबरोबर पुस्तकी माणसंही येतात. गोंडी-कोलामी बोलणाऱ्या मुलांना शब्द त्यांचाच, देवनागरीत लिहू द्या, अर्थ कंसात.

> तपासा: डावी बाजू वाचा. 'चांगला, प्रेमाने, आदराने, आनंदाने' असे शब्द बोटानं झाकले तर उरलेल्या वाक्यात काही चित्र उरतं का? नाही उरत तर आणखी एक दिवस द्या. पुढं जाऊ नका.

## टप्पा ३: मोठ्यांना विचारा, पण 'का' नं सुरुवात नको

सगळ्यात जास्त गडबड या टप्प्यात होते म्हणून जरा सविस्तर सांगतो. मूल घरी जातं आणि आजीला विचारतं, 'आजी, आपण पाहुण्याले पाणी काहून देतो?' आजी म्हणते, 'पयलेपासून चालत आलं, बाबू.' संपलं बोलणं. आजीची चूक नाही, जे आयुष्यभर हातानं केलं त्याचं कारण एकदम तोंडानं सांगता येत नाही. म्हणून प्रश्न या क्रमानं:

१. हे काम घरात कोण करते? ते घरी नसलं तर कोण?
२. तुमी लहान होते तवा कसं होतं? पाणी कुठून याचं?
३. काय बदललं? कशानं बदललं?
४. एखाद्या वेळी हे केलं नाही तर काय होते? कोण काय म्हणते?
५. तुमाले यातलं काय चांगलं वाटते? काय बदलावं वाटते?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रीत मोडली तर काय होतं हे विचारलं की माणूस मूल्य बोलून जातो, त्याला ते माहीत नसताना. एका आजीला 'पाणी नाही दिलं तर?' विचारल्यावर ती पोरीला म्हणाली, 'तहानेला माणूस दारातून गेला त मंग आपल्याले घास जाते का वं?' पोरीनं ते तसंच लिहून आणलं. आम्ही सगळा पिरियड त्या एका वाक्यावर काढला.

दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातून गावचा इतिहास आपोआप येतो. आधी विहीर, मग बोरिंग, आता दारात नळ आणि लग्नात वीस लिटरच्या कॅन. पाणी दारात आल्यानं बायकांच्या डोक्यावरचा गुंड (पाण्याचा हंडा) उतरला हे चांगलंच झालं, पण विहिरीवरचं बोलणंही गेलं, हे आज्या स्वतःहून सांगतात. आणि काही घरांतून दुसरी गोष्ट येते, की आमाले त्या विहिरीवर जाऊ देत नव्हते, वरून कोणी ओंजळीत ओतलं तर प्यायचं. मुलांनी महाडचा २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह इतिहासात वाचलेला असतो, तारीख पाठ असते, पण आपल्याच गावच्या विहिरीशी तो कधी जोडलेला नसतो. तो इथं जोडला जातो. तुम्ही जोडून देऊ नका, मुलांना जोडू द्या, फक्त पुस्तक त्या दिवशी टेबलावर ठेवा.

विचारायला जायची रीतही शिकवावी लागते. वर्गात तुम्ही आबाजी बना, खाटेवर बसल्यासारखे बसा, आणि दोन-दोन मुलांना येऊ द्या. आल्यावर आधी 'आबाजी, बसू का जी?' मग घरची चौकशी, मग वही. सकाळी घाईत नाही, माणूस फवारणी करून आला असेल तेव्हा तर नाहीच, जेवणं झाल्यावर ओसरीवर बसतात ती वेळ. पूर्ण लिहीत बसायचं नाही, दोन शब्द टिपायचे आणि घरी येऊन भरायचे. एक जण विचारेल, एक जण टिपेल. आणि मोठ्या माणसानं 'राहू दे ना आता' म्हटलं की तिथंच वही बंद. हे बंद करणंसुद्धा शिक्षण आहे, ते मुलांना स्पष्ट सांगा.

> तपासा: वहीत निदान एक वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडचं, जसंच्या तसं, आलंय का? सगळी वाक्यं मुलाचीच असतील तर ते गेलंच नाही किंवा गेलं आणि घाबरून परत आलं. ओरडू नका, दुसऱ्या जोडीदाराबरोबर पाठवा.

## टप्पा ४: घरं शेजारी ठेवा, नावं काढून

आता प्रत्येक मुलानं आपल्या वहीतल्या दोन गोष्टी चिठ्ठीवर उतरवायच्या, चिठ्ठीवर नाव नाही. सुरुवात 'एका घरी' अशी.

हा नियम मी कसा शिकलो ते सांगतो. पहिल्या वर्षी मी वह्या गोळा करून थेट वर्गात वाचायला घेतल्या, नावासकट. एका पोरीनं लिहिलं होतं, 'पाहुण्याले स्टीलच्या ग्लासात पाणी देतो. वावरात येनाऱ्या मजुराचा कप कोठ्याच्या भितीवर खिळ्याले अडकवला हाये. तो त्यायनंच धुवून ठेवा लागते.' वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की त्या घरी कामाला जाणाऱ्या माणसाची पोरगी दोन बेंच पुढं बसलीय. तिनं मान खाली घातली आणि हातातल्या पेन्सिलीचं टोक बाकावर दाबत राहिली, मोडेपर्यंत. जिनं लिहिलं तीही रडायला आली, तिला वाटलं आपण काहीतरी वाईट केलं. खरं तर त्या पोरीनं वर्गात सगळ्यात प्रामाणिक पान लिहिलं होतं. दोघींना मी एकाच वेळी दुखावलं, आणि ते पुढचे कित्येक दिवस भरून निघालं नाही.

म्हणून तेव्हापासून हे तीन नियम पाळतो:

१. चिठ्ठ्या आदल्या दिवशी घरी नेऊन सगळ्या वाचायच्या. न वाचलेलं वर्गात उघडायचं नाही.
२. ज्या चिठ्ठीवरून घर ओळखू येतं ती वर्गात आणायची नाही. तसाच अनुभव शिक्षकानं 'मी एका गावात पाहिलं' म्हणून स्वतःच्या नावावर मांडायचा. वेगळ्या कपाचा विषय टाळायचा नाही, फक्त त्याचं ओझं मुलाच्या खांद्यावर द्यायचं नाही.
३. स्वतःच्या घरच्या दोन चिठ्ठ्या त्यात मिसळायच्या, आणि शेवटी त्या आपल्या आहेत हे सांगायचं.

मग जमिनीवर किंवा भिंतीवर चिठ्ठ्या तीन ढिगांत लावायच्या: 'सगळीकडं सारखं', 'घराघरात वेगळं', 'कोण आलं त्यावर बदलतं'. पहिल्या दोन ढिगांत मजा येते, कोणी आधी गूळ देतं, कोणी चहाच विचारतं, पोडावर पाणी देण्याची पद्धत वेगळी निघते आणि ज्या पोराकडं एरवी कोणी बघत नाही तो तेव्हा माहितगार असतो. तिसरा ढीग लावताना वर्ग हळूहळू शांत होतो. ती शांतता राहू द्या, भाषण देऊन भरू नका.

> थांबा: 'कोणाची पद्धत जास्त चांगली?' हा प्रश्न या टप्प्यावर विचारायचा नाही. कोणाच्या घराला नंबर द्यायचा नाही. हसण्यावारी गेलं तर तिथंच थांबवा, 'आपण पाहुणे आहोत या घरात' एवढं म्हटलं की मुलांना कळतं.

## टप्पा ५: आता मूल्याचं नाव घ्या

आता फळ्यावर दोन ओळी लिहा.

'असं करतात, कारण ______ जपायचं असतं.'
'यात ______ ला त्रास होतो, किंवा मान मिळत नाही.'

प्रत्येक चिठ्ठीला दोन्ही ओळी लावून बघायच्या. पहिल्या ओळीत मुलं आपले शब्द टाकतात: माणुसकी, घराची शोभा, इमान, 'उपाशी पाठवू नये', 'आल्यागेल्याचा मान'. हे शब्द आधी फळ्यावर मोठ्या अक्षरात येऊ द्या. पुस्तकातले शब्द, करुणा, समता, श्रमप्रतिष्ठा, ते त्यांच्या बाजूला लहान लिहा आणि जोडी मुलांनाच लावू द्या.

दुसरी ओळ सोडायची नाही. बरेच शिक्षक पहिल्या ओळीवर थांबतात, कारण तिथंपर्यंत सगळं छान छान असतं. पण 'पाणी मायच आणते, ती तापानं निजली होती तरी उठली' हेही वहीत आलेलं असतं, त्याचं काय करायचं? पाहुणचार हे मूल्य खरं आहे आणि त्याचा सगळा भार एकाच माणसावर आहे हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे सातवीतल्या पोराला नीट समजतं, आपल्यालाच वाटतं की नाही समजणार.

इथं संविधान काढा. उद्देशिका पुस्तकाच्या सुरुवातीलाच असते, रोज परिपाठात म्हटलीही जाते. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केलीय आणि ती कोणत्याही रूपात पाळायला मनाई केलीय, तो भिंतीवरचा कप म्हणजे तेच रूप. मूलभूत कर्तव्यांचं कलम ५१ क आणखी कामाचं, कारण त्यात दोन गोष्टी एकामागे एक आहेत: बायकांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून द्यायच्या, आणि आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपायचा. सोडायचं आणि जपायचं एकाच यादीत आहे. मग चिठ्ठ्या परत मांडा: 'जपू', 'बदलू', 'अजून विचारू'. तिसरा ढीग रिकामा राहिला तर घाई झालीय असं समजा.

गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज आपल्याच मातीतले, शेंडगाव आणि मोझरी इथून लांब नाही, त्यामुळं या टप्प्यावर त्यांची गोष्ट सांगायचा फार मोह होतो. थोडं थांबा. गोष्ट आधी सांगितली की मुलं आपली चिठ्ठी सोडून गोष्टीतलं उत्तर देतात. चिठ्ठ्या लावून झाल्यावर, पुढच्या पिरियडला सांगा, तेव्हा मुलं गाडगेबाबांच्या हातातला खराटा वेगळ्या नजरेनं बघतात.

## टप्पा ६: एक आठवड्याची छोटी कृती

घोषवाक्य नको, पोस्टर नको, रॅली तर नकोच. प्रत्येकानं 'जपू' किंवा 'बदलू' मधली एक गोष्ट सात दिवस करायची आणि पुन्हा टप्पा २ सारखं डाव्या-उजव्या पानावर लिहायचं. पाहुणा आला तर पाणी मी देईन, असं पोरानं ठरवलं. जेवल्यावर माझं ताट मी घासीन. नळाचं पाणी भरताना शेजारच्या बुढीचा एक गुंड आधी भरीन.

कृती मुलाच्या स्वतःच्या हातातली असावी. घरच्यांना बदलायला लावणारी नसावी. 'आबाजीला सांगून तो कप फेकायला लाव' असं कधीही सांगू नका, त्याचा मार मुलाला बसतो. आणि पोरींना घरकामाचीच आणखी एक कृती देऊ नका, त्या आधीच करतात. त्यांच्यासाठी निवड वेगळी: जेवायला सगळ्यांबरोबर बसीन, ओसरीवर मोठी माणसं बोलत असतात तिथं एक प्रश्न विचारीन.

वर पाणी द्यायचं ठरवणाऱ्या पोराची नोंद मी जपून ठेवली होती, त्याच्या परवानगीनं. तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, 'काकाजी म्हने पोट्टीचं काम तू काहून करतं. म्या काई म्हटलं नाई. पाणी देल्लं.' सहाव्या दिवशी, 'काकाजीनं मलेच हाक मारली.'

## टप्पा ७: मार्क कशाला द्यायचे

घराच्या संस्कृतीला मार्क नसतात. ज्याच्या घरी पद्धती जास्त त्याला जास्त, असं नकळत होतं, सांभाळा. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या नोंदींत, चार गोष्टी बघा: निरीक्षण नेमकं आहे का, मोठ्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं टिपलं का, दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवता आलं का, आणि एखाद्या गोष्टीच्या दोन्ही बाजू लिहिता आल्या का. वर्णनात्मक नोंद अशी लिहिता येते: 'पाणी देण्याच्या पद्धतीचे बारकावे टिपतो. आजीचे शब्द न बदलता नोंदवतो. रीत कोणाला सोयीची आणि कोणाला त्रासाची, हे उदाहरणाने सांगतो.' 'संस्कारी आहे', 'मूल्यांची जाण आहे' असं लिहिलं तर त्यातून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काही कळत नाही.

चुका बहुतेक वेळा याच क्रमानं होतात, एकदा ताडून बघा: शब्द आधी सांगितले, सण निवडला, बोली खोडली, 'का' नं सुरुवात केली, नावासकट वाचलं, दुसरी ओळ टाळली. यातली एक जरी झाली तर प्रोजेक्ट तिथून मागं न्यायचा आणि तोच टप्पा परत करायचा, पुढं रेटायचा नाही. मी एकदा टप्पा २ तीन वेळा केलाय, वर्ग कंटाळला नाही.

वह्या संपल्यावर मुलांना परत द्या. प्रदर्शनात, केंद्र संमेलनात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर पानं टाकायची नाहीत, कितीही सुंदर असली तरी. दाखवायचंच असेल तर चिठ्ठ्यांचे ढीग दाखवा, त्यावर नावं नसतात. आणि ज्या मोठ्या माणसांनी वेळ दिला त्यांच्याकडं मुलांना एकदा परत पाठवा, त्यांचं वाक्य त्यांना वाचून दाखवायला. वाचून झाल्यावर आजी काय म्हणाली ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं, त्यासाठी ते पान पहिल्या दिवसापासून कोरं ठेवायला सांगा.